ड्युटी लिस्टमधलं कसब: एका इन्चार्ज सिस्टरचं प्रकरण

एका मोठ्या रुग्णालयातला सर्जिकल वॉर्ड. 14 परिचारिका, तीन पाळ्या, आठवड्यातले दोन दिवस ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे. या 14 जणींची महिन्याची ड्युटी लिस्ट वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर लावत. वय पन्नाशीच्या आसपास, बहुतेक नोकरी अशाच वॉर्डांमध्ये गेलेली. कुणी त्यांचं विशेष कौतुक करत नसे आणि कुणाची तक्रारही नसे. मी त्या रुग्णालयाच्या प्रशिक्षण विभागात काम करते. व्यक्ती आणि संस्था ओळखू येणार नाहीत अशा बेताने हे प्रकरण मांडते आहे.

विषय आमच्याकडे आला तो वेगळ्याच वाटेने. सिस्टर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दीर्घ रजेवर गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या एका ज्येष्ठ सिस्टरांकडे वॉर्ड दिला गेला. थोड्याच आठवड्यांत वॉर्डची घडी विस्कटली. आपसात ड्युटी बदलून घेण्याचे अर्ज वाढले, नाइटच्या आदल्या संध्याकाळी आजारपणाचे फोन येऊ लागले, हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना वॉर्ड दुसरीच्या हाती देण्याच्या, वेळी वादावादी होऊ लागली. मेट्रन मॅडमनी आमच्याकडे चिठ्ठी पाठवली: बदली इन्चार्जना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यावं.

खरं तर बदली सिस्टर अतिशय मेहनती होत्या. त्यांनी लावलेली लिस्ट मी नियमांशी ताडून पाहिली. प्रत्येकीला सारख्याच नाइट, सारखेच रविवार. सलग नाइटनंतर ऑफ दिलेला. प्रत्येक पाळीत एक तरी सीनियर. रजेचे अर्ज तारखेच्या क्रमाने मंजूर. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. तरी वॉर्ड धुमसत होता. मग प्रश्न असा उरला की आधीच्या लिस्टमध्ये असं काय होतं, जे नियमांत नव्हतं?

दोन लिस्ट शेजारी शेजारी

जुन्या लिस्ट वॉर्डच्या कपाटात होत्या. त्या पेन्सिलने लिहिलेल्या, जागोजागी खोडलेल्या. मी जुनी आणि नवी लिस्ट टेबलावर शेजारी ठेवून चौकट चौकट वाचायला बसले. पहिल्या नजरेला जुनी लिस्ट ओबडधोबडच वाटली. कुणाला नाइट जास्त, कुणाला कमी. एकीला महिनाभर जवळजवळ दुपारचीच पाळी. पण वाचत गेले तसं एकेक उलगडू लागलं.

वॉर्डमध्ये दोन सिस्टरांचं आपसात अजिबात पटत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं, बदली सिस्टरांनाही. म्हणून त्यांनी या दोघींना कधी एका पाळीत ठेवलं नाही. त्याचा परिणाम असा झाला की एकीची पाळी संपली की दुसरीची सुरू व्हायची आणि एकमेकींना हँडओव्हर द्यायची वेळ या दोघींवर वारंवार यायची. हँडओव्हर म्हणजे रुग्णाची सगळी माहिती एका तोंडून दुसऱ्या कानात जाण्याची वेळ. जखमेत बसवलेल्या कोणत्या नळीतून (ड्रेनमधून) किती स्राव आला, कुणाचा ताप चढतोय, कुणाच्या नातेवाइकांना काय सांगून ठेवलंय. जी व्यक्ती समोर नकोशी वाटते तिला माणूस मोजकंच सांगतो आणि भांडणही नेमकं तिथेच पेटतं. जुन्या लिस्टमध्ये याच दोघी अधूनमधून एकाच पाळीत दिसत होत्या, वॉर्डच्या दोन टोकांना. पण एकीच्या मागोमाग दुसरी येते असं महिन्यात एकदाही दिसलं नाही.

ओटीच्या दिवसानंतरची रात्र सर्जिकल वॉर्डमध्ये सगळ्यांत जड. जुन्या लिस्टमध्ये त्या रात्री ठरावीक चार-पाच नावंच फिरत होती. नवीन मुलीसोबत ठेवलेली सिस्टर ही पाळीतली सगळ्यांत ज्येष्ठ असेलच असं नव्हतं. जी काम करता करता बोलून दाखवते ती असायची. लांबच्या रजेवर जाणाऱ्या मुलीला आदल्या दिवशी हमखास सकाळची पाळी. म्हणजे ती दुपारी मोकळी आणि शेवटच्या दिवसाची दांडी मारायचं कारणच उरत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार थक्क करून गेली. जुन्या लिस्टमध्ये पाळ्या नेहमी पुढच्या दिशेने सरकत होत्या: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट दिशेने जवळजवळ कधीच नाही. 1982 मध्ये झोपेचे संशोधक चार्ल्स चायस्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज प्रक्रिया कारखान्यात नेमका हाच बदल करून पाहिला होता. तिथल्या पाळ्या दर आठवड्याला उलट दिशेने फिरत असत. त्या पुढच्या दिशेने आणि संथ गतीने फिरवल्यावर कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी घटल्या, उत्पादनही सुधारलं. आपल्या शरीराचं घड्याळ सरासरी 24 तासांपेक्षा किंचित जास्त वेळ घेतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला जमतं आणि अलीकडे ओढणं जड जातं. सिस्टरांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “उलटी लावली की मुलींचे चेहरे उतरतात. मग मी तशी लावतच नाही.”

“त्यात काय एवढं?”

त्या रजेवरून परतल्यावर मी दोन्ही लिस्ट घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या लिस्टमध्ये मला काय काय दिसलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्यात काय एवढं? ड्युटी लावायची म्हणजे एवढं बघावंच लागतं. सगळेच बघतात.”

हा विनय नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. त्यांच्या वार्षिक स्व-मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘विशेष कौशल्य’ या रकान्यात वर्षानुवर्षं एकच मजकूर होता: शिरेतून सलाइन लावणे, ड्रेसिंग. सुधारणा हवी तिथे: संगणक, सभेत बोलणे. ड्युटी लिस्टचा उल्लेखच नाही. जे शिकायला कष्ट पडले ते त्यांनी कौशल्य म्हणून लिहिलं आणि जे जमत नाही ते उणीव म्हणून. जे आपसूक होत होतं त्याला फॉर्ममध्ये जागाच मिळाली नाही.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांच्या 1999 मधल्या अभ्यासाचा एक भाग सगळ्यांना माहीत असतो: ज्यांना कमी येतं ते स्वतःला फार हुशार समजतात. त्याचा दुसरा भाग मला इथे जास्त महत्त्वाचा वाटतो. चाचणीत सगळ्यांत वर आलेल्या लोकांनी इतरांच्या तुलनेतलं आपलं स्थान होतं त्यापेक्षा खाली धरलं. आपल्याला सोपं गेलं ते इतरांनाही सोपं गेलं असणार, असं ते गृहीत धरून चालले होते. मग त्यांना इतरांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या, तेव्हा त्यांनी स्वतःबद्दलचा अंदाज वर नेला. चाचणीत तळाशी आलेल्यांना मात्र इतरांच्या उत्तरपत्रिका पाहूनही काही उमगलं नाही.

म्हणजे अशा माणसाला “तुम्ही किती छान करता” हे कितीही वेळा सांगितलं तरी ते पोचत नाही. त्याला इतरांचं काम दाखवावं लागतं. आम्ही तेच केलं. दुसऱ्या एका वॉर्डची मागच्या महिन्याची लिस्ट, नावं काढून आणि प्रत्येकीबद्दल दोन ओळींची माहिती जोडून, पाच-सहा इन्चार्जना दिली. या महिन्यात अडचण कुठे आली असेल ते सांगा, एवढंच विचारलं.

इतर इन्चार्जनी नियम तपासले. सलग नाइट किती, ऑफ मिळाले का, सीनियर आहेत का. बहुतेकींनी लिस्ट ठीक असल्याचं लिहिलं. आमच्या सिस्टरांची बोटं मात्र कागद हातात आल्यापासून अस्वस्थ. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि चार चौकटींना गोल केले. एका गोलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही मुलगी इथे रडली असणार.” मुलगी नवी होती आणि तिला सलग तीन दिवस तीन वेगवेगळ्या सीनियरांसोबत टाकलं होतं. प्रत्येकीची पद्धत निराळी. काल जे बरोबर होतं त्याबद्दल आज बोलणी बसणार. त्या वॉर्डच्या इन्चार्जना विचारलं तेव्हा त्यांनी चारपैकी तीन ठिकाणी खरोखर कटकट झाल्याचं सांगितलं. नव्या मुलीने त्याच आठवड्यात वॉर्ड बदलून मागितला होता.

मग आम्ही सिस्टरांना इतरांचे कागद दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. “यांना हे दिसलंच नाही?” त्यांच्या आवाजात अविश्वास होता. आपल्याकडे काहीतरी आहे हे त्यांना पहिल्यांदा पटलं ते त्या क्षणी.

सहकाऱ्यांकडूनही आम्ही माहिती घेतली. त्यातून एक धडा मिळाला, तो अशा कामात पडणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. “सिस्टरांचे गुण सांगा” म्हटल्यावर मिळाली ती नुसती विशेषणं: शांत, समजूतदार, अनुभवी. त्यांचा काडीचा उपयोग नाही. प्रश्न बदलला: “अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्ही त्यांच्याकडेच घेऊन जाता, दुसऱ्या कुणाकडे नाही?” लगेच ठोस उत्तरं आली. सासूच्या आजारपणात रजा कशी जमवायची हे विचारायला. डॉक्टरांशी खटका उडाल्यावर पुढच्या राउंडला त्यांच्यासोबत कुणी जावं हे ठरवायला. आपल्याला ओटीच्या रात्रीची भीती वाटते हे कबूल करायला. लोक ज्या कामासाठी आपल्यापर्यंत चालत येतात त्या कामांची यादी कोणत्याही चाचणीपेक्षा खरं बोलते, असं माझं मत आहे.

दुसरी खूण चिडचिडीची. इतरांनी बेफिकिरीने केलेलं कोणतं काम पाहून आपला हात शिवशिवतो? सिस्टर इतर बाबतींत फार सोशिक. कुणाचं ड्रेसिंग वाकडंतिकडं झालं तर शांतपणे दाखवतील. पण वाईट लावलेली ड्युटी त्यांना बघवत नाही. आवड ही खूण मला त्या मानाने कच्ची वाटते. ड्युटी लावायला आवडतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “आवडायचं काय त्यात, डोकं उठतं.” कल आणि आवड नेहमी हातात हात घालून चालत नाहीत.

हे जन्मजात की सरावाने आलेलं, हा प्रश्न बैठकीत निघालाच. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास मांडला. सर्वोत्तम वादकांनी एकट्याने केलेल्या सरावाचे तास इतरांपेक्षा बरेच जास्त भरले होते. सिस्टरांच्या लिस्टमागेही अनेक वर्षं आहेत, हे खरंच. पण तेवढीच वर्षं काढलेल्या त्यांच्या बरोबरीच्या सिस्टरांना ते चार गोल दिसले नाहीत. सिस्टरांसोबत काही हँडओव्हरना उभी राहिले तेव्हा मला याचं उत्तर थोडंफार मिळालं. बाकीच्या जणी रुग्णाबद्दल काय सांगितलं जातंय ते ऐकत होत्या. सिस्टर तेही ऐकत होत्या आणि शिवाय कोण कुणाकडे न बघता बोलतंय, कुणाचा आवाज थकलाय, कुणी आज तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं, हेही टिपत होत्या. कुणी सांगितलं म्हणून नाही. त्यांचं लक्ष आपसूक तिकडे जातं. वर्षं सगळ्यांची सारखीच गेली, पण त्या वर्षांत गोळा काय झालं ते लक्ष कुठे होतं त्यावर ठरलं. नैसर्गिक कल म्हणताना माझ्या मनात एवढाच अर्थ असतो.

ओळख पटल्यावर काय झालं

गुण ओळखला गेला की सगळं सुरळीत होतं, असं मानायची पद्धत आहे. इथे उलट झालं. प्रशासन खूश झालं आणि त्यांनी सिस्टरांना आणखी तीन वॉर्डांच्या लिस्ट लावायला दिल्या.

सिस्टर नाही म्हणाल्या नाहीत. लिस्ट घरी नेऊ लागल्या, रात्री बसून लावू लागल्या. स्वतःच्या वॉर्डचा राउंड घाईत उरकू लागला. त्यांच्या पगारात किंवा पदात काहीच बदल झाला नव्हता, ड्युटीतले तासही कुणी कमी केले नव्हते. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्दे, लिसे वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट यांनी 2017 मध्ये प्रयोगांमधून दाखवलं होतं की ज्या कामाचा स्वतःला लाभ नाही पण गटाला गरज आहे अशी कामं मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा पत्करतात, आणि मुळात अशा कामासाठी विचारणाही त्यांनाच जास्त होते. परिचारिकांच्या वॉर्डमध्ये पुरुष-बायकांची तुलना फारशी लागू होत नसली, तरी कामाची जात तीच. कौतुक करून काम गळ्यात घालणं याला गुणांची कदर म्हणत नाहीत. मी हे त्या वेळी बैठकीत बोलले आणि आजही तितक्याच ठामपणे म्हणेन.

पण खरा धक्का पुढेच होता. त्या तीन वॉर्डांच्या लिस्ट फसल्या. तक्रारी आल्या, अदलाबदलीचे अर्ज आले. एका वॉर्डमध्ये तर पूर्वीचीच लिस्ट बरी होती असं लोक म्हणू लागले. सिस्टर खचल्या. “मला काही येत नाही हो, माझ्या मुलीच चांगल्या आहेत म्हणून चालतं.”

काय चुकलं ते शोधणं अवघड नव्हतं. त्यांचं कसब ज्या माहितीवर चालतं ती रोजच्या वावरातून येते. आपल्या वॉर्डमधल्या 14 जणींचे आवाज त्यांना पाठ होते. दुसऱ्या वॉर्डच्या बायकांची त्यांच्याकडे फक्त नावं होती. अभ्यासासाठी दिलेल्या कागदावर निदान प्रत्येकीबद्दल दोन ओळी तरी होत्या. इथे तेवढंही नव्हतं. माणसाचा गुण त्याच्या परिसरातून उपटून दुसरीकडे लावला की तो तसाच चालेल, हे गृहीतकच चुकीचं होतं. ज्याच्याकडे गुण आहे त्याच्याकडूनच सगळ्यांचं काम करून घेणं, यात वाटणी होतच नाही. ओझं फक्त एका ठिकाणी गोळा होतं. वाटायचं असेल तर सिस्टरांची नजर त्या त्या वॉर्डच्या माणसापर्यंत पोचायला हवी होती.

खोडलेली नावं

प्रशासनाने सुचवलेला पहिला मार्ग नियमावलीचा होता. सिस्टरांनी आपली पद्धत लिहून काढावी. त्यांनी मनापासून प्रयत्न केला आणि एक पानभर मजकूर आणला. “सर्वांना समान न्याय द्यावा. कामाचा भार पाहून कर्मचारी नेमावेत. नवीन कर्मचाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.” त्यांच्या लिस्टमध्ये जे काही जिवंत होतं त्यातलं काहीही त्या पानावर उतरलं नव्हतं. उलट पहिला नियम तर त्या स्वतःच पाळत नव्हत्या.

याचं नवल वाटायला नको. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये परिचारिकांच्या कौशल्याचे पाच टप्पे मांडले, नवशिकी ते निष्णात. नवशिकी नियमाला धरून चालते. निष्णात परिचारिका परिस्थिती अख्खी ओळखते, आणि ती कशी ओळखली हे नियमाच्या भाषेत सांगायला गेली की अडखळते. तिचं ज्ञान प्रसंगांमध्ये साठलेलं असतं. म्हणून ते प्रसंग विचारूनच बाहेर काढावं लागतं.

त्याचीही एक जुनी वाट आहे. 1993 मध्ये बेथ क्रँडल आणि केरेन गेचेल-रायटर यांनी नवजात अतिदक्षता विभागातल्या अनुभवी परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या. जंतुसंसर्ग झालेलं बाळ या परिचारिका फार लवकर ओळखत, पण कसं ते विचारलं तर “अनुभवाने कळतं” एवढंच सांगत. एकेका खऱ्या बाळाची हकीकत घेऊन, त्या वेळी काय पाहिलं, मग काय वाटलं, असं खोदून विचारल्यावर लक्षणांची लांब यादी निघाली. त्यातली काही लक्षणं तोवरच्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेलीच नव्हती.

आमच्याकडे सिस्टरांच्या पेन्सिलने लिहिलेल्या लिस्ट होत्या आणि त्यात खोडरबराखालून अजून पुसटशी दिसणारी नावं होती. नियम विचारायचे सोडून आम्ही त्या नावांबद्दल विचारू लागलो. सोबत दुसऱ्या वॉर्डमधली एक तरुण स्टाफ नर्स बसायची. तिच्या वॉर्डची लिस्ट पुढे तिलाच लावायची होती. त्यातला एक संवाद माझ्या टिपणात आहे:

“सिस्टर, इथे आधी दुसरं नाव होतं. का खोडलंत?”

“तिला नाइट दिली असती तर सकाळी ती वर्षाताईच्या हातात वॉर्ड देणार. मग वर्षाताई लगेच डॉक्टरांच्या राउंडला जाणार. तिला थोडक्यात सांगणारी हवी. ही पाल्हाळ लावते.”

“मग ही चांगली नाही का?”

“असं कुठे म्हटलं मी? पेशंट घाबरलेला असला की हिच्यासारखी कुणी नाही. तिला संध्याकाळी ठेव, उद्या ऑपरेशन असलेल्यांच्या बाजूला. तिथे तिचं बोलणं औषधासारखं चालतं.”

(नाव अर्थातच बदललेलं आहे.)

त्या मुलीने वहीत नियम लिहिला नाही, प्रश्न लिहिला: हिच्या मागून कोण येणार आहे? अशा बैठकांमधून तिच्या वहीत बरेच प्रश्न जमले. ही जिच्यानंतर येते तिच्याकडून हिला नीट माहिती मिळेल का? आजच्या पाळीत घाबरलेल्या माणसाशी बोलणारं कुणी आहे का? रजा मागायला संकोचणारी कोण? हे प्रश्न कोणत्याही वॉर्डला चालतात. उत्तरं ज्याची त्याने स्वतःच्या वॉर्डमध्ये उभं राहून मिळवायची. सिस्टरांनी दुसऱ्यांच्या लिस्ट लावणं बंद केलं. त्या फक्त बसून विचारू लागल्या, “इथे हीच का?” उत्तर आलं नाही तर ती चौकट रिकामी ठेवून पुढच्या वेळी माहिती घेऊन यायला सांगत.

या काळात एक पर्याय म्हणून ड्युटी लावणारं सॉफ्टवेअरही चर्चेत आलं. प्रत्येकीच्या प्रत्येक दिवसाला सकाळ, दुपार, रात्र किंवा सुट्टी अशा चार शक्यता धरल्या, तर 14 जणींच्या एका आठवड्याच्या मांडण्या 4 चा 98 वा घात इतक्या होतात, म्हणजे 1 वर सुमारे 59 शून्यं. परिचारिकांचं वेळापत्रक हा गणितज्ञांनी अनेक दशकं अभ्यासलेला, अवघड गटातला प्रश्न आहे. नियमात न बसणाऱ्या मांडण्या संगणक झटक्यात बाजूला काढतो आणि त्यासाठी तो जरूर वापरावा. पण कोण थोडक्यात सांगतं आणि कोण धीर देतं, हे त्याला आधी कुणीतरी सांगायला लागतं.

बदली सिस्टरांची वही

या सगळ्यात एका व्यक्तीकडे दुर्लक्ष होत होतं. बदली सिस्टर. दोन्ही लिस्ट शेजारी ठेवल्या गेल्या आणि त्यांची कमी ठरली. कुणी उघड बोललं नाही तरी त्यांना ते लागलं. त्यांनी मला एकदा स्पष्टच विचारलं, “मी एका मुलीवरही अन्याय केला नाही. मग मी नापास कशी?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून त्यांनाही बैठकांना बोलावलं, शिकणारी म्हणून नाही, तपासणारी म्हणून. त्या मोजणीत पक्क्या. त्यांनी इन्चार्ज सिस्टरांच्या वर्षभराच्या लिस्ट घेतल्या आणि स्वतःच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे ओटीनंतरच्या जड रात्री मांडल्या. वही उघडून त्यांनी बोट ठेवलं तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले. एका सिस्टरांच्या वाट्याला अशा रात्री इतर कुणाहीपेक्षा कितीतरी जास्त आल्या होत्या. त्या अबोल, कामाला वाघ, कधी कुरकुर न करणाऱ्या. कुणाच्या आवाजात थकवा आहे हे इन्चार्ज सिस्टरांना कळतं. पण जी थकवा आवाजात येऊच देत नाही ती त्यांच्या नजरेतून महिनोन्‌महिने निसटली होती.

या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा शोध मला हाच वाटतो. कोणताही उपजत गुण काही ठिकाणी आंधळा असतो आणि तो आंधळेपणा गुण असलेल्या माणसाला आतून दिसत नाही. तो दिसला कारण लिस्ट दुसऱ्या कुणापुढे उघड्या झाल्या, आणि त्या माणसाचा कल पूर्णपणे वेगळा होता. इन्चार्ज सिस्टरांचं लक्ष चेहऱ्यांकडे जातं, बदली सिस्टरांचं आकड्यांकडे. वॉर्डला दोन्ही हवे होते.

इन्चार्ज सिस्टरांनी वहीतलं ते पान दोनदा वाचलं. त्याच दिवशी त्या अबोल सिस्टरांना बाजूला घेऊन बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. पुढच्या महिन्याच्या लिस्टमध्ये ओटीच्या रात्री वाटल्या गेल्या आणि त्या अबोल सिस्टरांच्या नावापुढे सलग तीन आठवडे सकाळची पाळी लागली.

सध्याची स्थिती

आता चार वॉर्ड आपापल्या लिस्ट आपणच लावतात. महिन्यातून एकदा लिस्ट लावणाऱ्या सगळ्या जणी एकत्र बसतात, एकमेकींच्या चौकटींवर बोट ठेवतात. बदली सिस्टरांची मोजणीची वही सगळ्या वॉर्डांनी उचलली आहे. पहिल्या बैठकांना बसलेली तरुण नर्स स्वतःच्या वॉर्डची लिस्ट लावते, आणि तिच्या वॉर्डमध्ये आजारपणाचे फोन येतात तेव्हा लिस्टमधली त्या तारखेची चौकट काढून का आले ते शोधते.

इन्चार्ज सिस्टरांनी संगणकाचा वर्ग लावलाच. त्यांचा त्यात कल नाही हे त्यांना ठाऊक आहे, त्यांना शिकायचं आहे म्हणून त्या शिकतात. यंदाच्या फॉर्मवर ‘विशेष कौशल्य’ या रकान्यात ड्रेसिंगच्या आधी त्यांनी लिहिलं आहे: ड्युटी लावणे व शिकवणे.

एक गोष्ट मार्गी लागलेली नाही. लिस्ट लावायला आणि शिकवायला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरावा, म्हणजे कुणाला तो घरी न्यावा लागणार नाही, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. तोंडी सगळ्यांनी मान डोलावली; लेखी आदेश निघालेला नाही. तोवर मासिक बैठक ड्युटीच्या वेळेतच घ्यायची आणि त्या तासासाठी वॉर्डला बदली माणूस मागायचा, एवढं मेट्रन मॅडमनी आपल्या अधिकारात मान्य केलं आहे. पुढच्या आढाव्यात पहिला विषय तोच ठेवला आहे.